ब्लांग वेशभूषानिर्मिती

ब्लांग वेशभूषानिर्मिती : चीनच्या युनान प्रांतातील ब्लांग (बूलांग) या वांशिक गटाची वस्त्रनिर्मितीची परंपरागत कौशल्ये. कापसाची लागवड, सरकी काढणे, पिंजणे, कातणे, वनस्पतिज रंग तयार करून सूत वा कापड रंगविणे, विणणे, बेतणे, शिवणे आणि शोभेचे काम करणे या सर्व क्रियांचा त्यांत अंतर्भाव होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कामे बहुतांशी घरच्या घरी आणि मुख्यत्वे स्त्रियांच्या हातून होत. त्यानंतरच्या काळात त्यांपैकी एकेक काम घराबाहेर गेले. ब्लांगांचा पारंपरिक पोशाख आजही सणसमारंभांत आढळतो; तथापि पोशाख टिकणे आणि तो घडविण्याचे कौशल्य टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या कौशल्यांच्या जतनाचा प्रश्न मुख्यतः या भेदातूनच निर्माण झाला आहे.

लोक व प्रदेश : चीन शासनाने मान्यता दिलेल्या ५६ वांशिक गटांपैकी ब्लांग हा एक होय. २००० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये त्यांची संख्या ९१,८८२ होती. ती २०१० मध्ये १,१९,६३९ व २०२० मध्ये १,२७,३४५ झाली. त्यांची वस्ती प्रामुख्याने युनानच्या नैर्ऋत्य व पश्चिम भागांतील डोंगराळ प्रदेशात आहे. शीश्वांगबान्ना या स्वायत्त विभागातील मंगहाय तालुका (विशेषतः बूलांगशान हा डोंगराळ भाग), पूअर विभागातील लानत्सांग, लिनत्सांग विभागातील श्वांगज्यांग आणि बावशान विभागातील शीद्येन हे त्यांचे महत्त्वाचे प्रदेश होत. म्यानमारच्या शान राज्यात आणि थायलंडच्या उत्तर सीमाभागातही त्यांच्याशी संबंधित समूह असून तेथे ते प्लांग या नावाने ओळखले जातात. प्राचीन चिनी ग्रंथांत उल्लेखिलेल्या ‘पू’ या लोकसमूहापासून ब्लांगांची उत्पत्ती झाली, असे सामान्यतः मानले जाते.

ब्लांग भाषा ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलाच्या पलाउंग शाखेत मोडते. मेघालयातील खासी आणि महाराष्ट्रातील मेळघाटात बोलली जाणारी कोरकू या भाषा याच कुलाच्या अन्य शाखांतील आहेत. ब्लांग भाषेला स्वतःची सर्वत्र रूढ अशी लिपी नाही. ब्लांगांपैकी बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध असून विहारांच्या संपर्कामुळे काही ठिकाणी शेजारच्या दाय लोकांची लिपी वापरण्यात येते. वस्त्रनिर्मितीचे ज्ञान मात्र लेखनात उतरलेले नाही. ते आईकडून मुलीकडे, पाहून आणि करून, संक्रमित होत आले आहे. कौशल्यांच्या जतनाचा विचार करताना ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

ब्लांग हे डोंगरउतारावर शेती करणारे लोक आहेत. कोरडवाहू भात व मका ही त्यांची अन्नधान्याची पिके असून चहा आणि कापूस ही परंपरेने विक्रीची पिके होती. त्यामुळे वस्त्रासाठी लागणारा मूळ कच्चा माल त्यांच्या स्वतःच्याच शेतात उपलब्ध होई.

पोशाखाचे स्वरूप : ब्लांग पोशाखात काळा व गडद निळा हे रंग प्रधान आहेत. पुरुष समोर गुंड्या असलेला, गळपट्टी नसलेला आखूड अंगरखा व सैल काळी विजार घालतात आणि डोक्याला काळे किंवा पांढरे फडके गुंडाळतात. हातापायांवर व धडावर गोंदवून घेण्याची चाल पूर्वी पुरुषांमध्ये रूढ होती. स्त्रिया गळपट्टी नसलेली, अंगाला घट्ट बसणारी आखूड चोळीवजा बंडी आणि नळीसारखे शिवलेले, कमरेपासून खाली पोचणारे वस्त्र वापरतात. हे वस्त्र काळे किंवा आडव्या पट्ट्यांचे असते. काही भागांत अशी दोन वस्त्रे एकावर एक नेसतात. आतले पांढरे वस्त्र बाहेरच्यापेक्षा किंचित लांब असल्याने त्याची कड खाली दिसते. केसांचा अंबाडा बांधून त्यावर कापडाचे थर गुंडाळण्याची पद्धत आहे. चांदीची कर्णभूषणे, कडी आणि केसांतील अलंकार यांनी पोशाख पूर्ण होतो. तरुणी केसांत वा कानाशी फुलेही माळतात.

हे वर्णन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. बूलांगशान भागातील स्त्रियांच्या पोशाखाचे शेजारच्या दाय स्त्रियांच्या पोशाखाशी बरेच साम्य आहे, तर शीद्येन भागात मोठे शिरोवेष्टन आणि भरतकाम केलेले समोरचे वस्त्र यांना प्राधान्य असून तेथील घडण वेगळी दिसते. एकाच जमातीत आढळणारे हे प्रादेशिक भेद स्त्रीचे गाव, वय आणि वैवाहिक स्थिती सूचित करतात. म्हणून ‘ब्लांग पोशाख’ असा एकच ठरीव नमुना मानणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

कापूस व सूतकताई : कापसाची बोंडे वेचून वाळविल्यावर दोन लाकडी रुळांच्या लहान चरकीतून सरकी वेगळी केली जाते. नंतर धनुकलीने कापूस पिंजून त्याचे पेळू वळतात आणि चातीवर किंवा हाताने फिरविण्याच्या चरख्यावर सूत काततात. सर्व क्रियांमध्ये कताईला सर्वाधिक वेळ लागतो. एका मागाला अखंड पुरेल इतके सूत काढण्यास अनेक हातांची गरज असल्यामुळे शेतीच्या कामांतून मोकळीक मिळेल तेव्हा व विशेषतः रात्री घरातील चुलीभोवती बसून स्त्रिया सूत कातीत. हाच काळ तरुण-तरुणींच्या भेटीगाठींचाही असे. मुली कातीत असत आणि मुलगे गाणी म्हणत त्यांच्याकडे येत. त्यामुळे कताई हे केवळ घरकाम न राहता सामाजिक जीवनाचा एक भाग बनले होते.

सुताचा दर्जा त्याच्या पिळावर अवलंबून असतो. ताण्याचे (उभे) सूत अधिक पिळाचे व मजबूत असावे लागते, तर बाण्याचे (आडवे) सूत काहीसे सैल चालते. मागावर ताणले जाताना ताणा तुटू नये म्हणून त्याला तांदळाच्या पेजेची खळ देतात. पीळ किती द्यावा हे मोजमापाने ठरत नाही. ते बोटांना कळते. पुस्तकी वर्णनावरून हे काम शिकता न येण्याचे कारणही हेच होय.

विणकाम : युनानमधील डोंगरी जमातींत दोन प्रकारचे माग प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात विणणारी स्त्री जमिनीवर बसते. ताण्याचे एक टोक खांबाला किंवा तिच्याच पायांनी रेटून धरलेल्या दांड्याला जोडलेले असून दुसरे टोक तिच्या कमरेमागील पट्ट्याला बांधलेले असते. शरीर पुढेमागे झुकवून ती ताण कमीजास्त करते. या मागाला कंबरमाग म्हणता येईल. त्यावर निघणारे कापड साहजिकच अरुंद असते. दुसऱ्या प्रकारचा माग लाकडी चौकटीचा असून त्यावर पावड्यांच्या साहाय्याने ताण्याचे दोरे वरखाली करतात व त्यांमधून धोटा फेकतात. त्याला जागा अधिक लागते, परंतु काम लवकर होते आणि कापड लांब निघते.

कंबरमागाची या प्रदेशातील परंपरा अत्यंत प्राचीन आहे. कुनमिंगजवळील शीजायशान येथील दफनभूमीत १९५० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननांत प्राचीन द्येन राज्यातील ब्राँझची कवडीपात्रे सापडली. त्यांपैकी एका पात्राच्या झाकणावर कंबरमागावर विणणाऱ्या स्त्रियांच्या लहान मूर्ती आहेत. ही पात्रे ख्रिस्तपूर्व काळातील, पश्चिम हान राजवटीच्या समकालीन आहेत. त्या मूर्तींचा आजच्या कोणत्याही एका जमातीशी थेट संबंध जोडता येत नाही. तथापि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी युनानमध्ये विणण्याची हीच पद्धत अस्तित्वात होती, हे त्यांवरून सिद्ध होते.

पट्ट्यांचे कापड विणण्यासाठी ताण्यात किंवा बाण्यात निरनिराळ्या रंगांचे सूत ठराविक क्रमाने घालतात. नक्षीसाठी मूळ बाण्याखेरीज जादा रंगीत बाणा घालून तो ठिकठिकाणी ताण्यावरून मोकळा ठेवतात. नक्षीची कोणतीही आकृती समोर ठेवलेली नसते. कोणते दोरे उचलावयाचे याचा हिशोब स्मरणात असतो किंवा जुन्या कापडावरून घेतला जातो. एक जुने वस्त्र हे या दृष्टीने नव्या वस्त्राचा पाठ ठरते.

रंग व रंगविण्याची क्रिया : ब्लांगांच्या कौशल्यांत रंगकामाला विशेष स्थान आहे. निळा-काळा रंग निळीपासून मिळतो. झाडाच्या सालीचा काढा करून लाल रंग काढतात, तर एका वनस्पतीची मुळे उखळात कुटून व काही दिवस पाण्यात भिजवून पिवळा रंग मिळवितात. हे रंग सहसा विटत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे.

दक्षिण युनानमध्ये निळीसाठी वापरली जाणारी प्रमुख वनस्पती (स्ट्रॉबिलँथस कुसिया) ॲकँथेसी कुलातील असून सह्याद्रीतील सुपरिचित कारवी तिच्याच प्रजातीतील आहे. भारतात पूर्वी मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली असलेली शिंबावंत नीळ हिच्याहून वेगळी. मात्र दोहोंतील रंगद्रव्य एकच आहे. ताज्या पानांत ते तयार स्वरूपात नसते. पाने व कोवळ्या फांद्या एकदोन दिवस पाण्यात भिजत ठेवल्या म्हणजे त्यांतील इंडिकॅन या द्रव्याचे एंझाइमांमुळे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांमुळे) विघटन होऊन इंडॉक्सिल पाण्यात उतरते. पाने काढून त्या पाण्यात चुना घालतात आणि ते जोराने घुसळतात. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन निळा साका तयार होतो व तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून टाकून उरलेला चिखलासारखा लगदा साठवितात.

हा लगदा पाण्यात विरघळत नाही आणि म्हणून त्या स्थितीत कापडाला लागतही नाही. त्यासाठी राखेच्या क्षारयुक्त पाण्यात तो कालवून त्यात तांदळाची दारू किंवा तत्सम आंबणारा पदार्थ घालतात व रांजण झाकून ठेवतात. आंबण्याच्या क्रियेत जंतूंमुळे निळीचे क्षपण (ऑक्सिजन काढून घेण्याची विक्रिया) होऊन तिचे पाण्यात विरघळणारे, पिवळट हिरवे रूप तयार होते. या द्रावात बुडविलेले कापड बाहेर काढताच हवेमुळे हिरव्याचे निळे होते आणि अविद्राव्य झालेला रंग धाग्यांत अडकून बसतो. एका बुडवणीत फिकट छटा येते. काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग येण्यासाठी बुडविणे व वाळविणे ही क्रिया अनेक वेळा, बरेच दिवस चालू ठेवावी लागते.

रांजणातील द्राव ही एक जिवंत वस्तू आहे. थंडी वाढली, क्षार कमी पडला किंवा आंबवण अधिक झाली तर तो निकामी होतो. अनुभवी स्त्रिया द्रावाचा वास, वरील फेसाचा रंग आणि जिभेला लागणारी चव यांवरून त्याची स्थिती ओळखतात व त्यानुसार राख, चुना किंवा दारू यांचे प्रमाण बदलतात. एकदा जमलेला रांजण दीर्घकाळ चालू ठेवता येतो. परंतु त्याची नित्य निगा राखावी लागते. वर्षातून एकदा सणापुरता पोशाख करावयाचा असेल, तर असा रांजण बाळगणे परवडत नाही. म्हणूनच वस्त्रांची दैनंदिन गरज संपताच सर्व कौशल्यांत रंगकाम प्रथम लोप पावण्याचा धोका असतो.

बेतणे व शिवणे : अरुंद मागावरील कापड वाया जाऊ नये, अशा रीतीने अशा वस्त्रांची बेतणी केलेली असते. तुकडे शक्यतो सरळ काठांचे ठेवून जोडतात आणि नळीसारख्या वस्त्रात रुंदीनुसार दोन वा अधिक पट्टे एकमेकांना शिवतात. बेतणी कापडाच्या रुंदीवर आणि रुंदी मागाच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे, माग गेल्यावर केवळ कापडच बदलते असे नव्हे, तर वस्त्राची घडणही बदलते. गिरणीच्या रुंद कापडातून शिवलेली बंडी बाह्यतः जुन्यासारखी दिसली, तरी तिचे जोड आणि तिची चुणी निराळी असते.

सामाजिक व धार्मिक संदर्भ : ब्लांग समाजात किशोरवयीन मुलामुलींचे दात काळे करण्याचा विधी पूर्वी प्रचलित होता. तो झाल्यावर त्यांना प्रौढांप्रमाणे वागण्याची आणि आपला जोडीदार निवडण्याची मुभा मिळे. प्रौढत्वाचा पोशाख आणि कातण्या-विणण्याचे कौशल्य यांना अर्थ येई तो याच वयात. विवाहप्रसंगी वडीलधारी माणसे वधूवरांच्या मनगटाला पांढरे सुती दोरे बांधून आशीर्वाद देतात. थेरवादी बौद्ध परंपरेनुसार भिक्षूंना चीवर व विहाराला कापड अर्पण करणे हे मोठे पुण्यकर्म समजले जाते. अशा समाजात हाताने काढलेले सूत हे केवळ वस्त्राचे साधन नसते, तर नाती जोडण्याचे आणि पुण्यसंचयाचे माध्यमही असते. या प्रसंगांमुळेच वस्त्रनिर्मितीला उपयुक्ततेपलीकडचे प्रयोजन लाभले.

ऱ्हासाची कारणे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रनिर्मित सूत आणि कृत्रिम नीळ (व्यापारी उत्पादन १८९७) यांचा आशियाभर प्रसार होऊ लागला. तरीही दुर्गम डोंगरी खेड्यांत घरगुती कापड दीर्घकाळ टिकून राहिले. चीनमध्ये १९५४ ते १९८३ या काळात सुती कापडाचे नियंत्रित वाटप होत असे. त्यामुळे घरी विणण्याची गरज पूर्णतः नाहीशी झाली नाही. मात्र सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) विहार व धार्मिक विधी बंद पडल्याने विणकामाच्या एका महत्त्वाच्या प्रयोजनात खंड पडला. १९८० नंतर बाजारपेठ खुली झाली आणि स्वस्त कापड, कृत्रिम धागे, रासायनिक रंग व तयार कपडे खेड्यापाड्यांत पोचले.

यानंतरचे बदल अधिक खोलवर गेले. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीवर वनसंरक्षणासाठी निर्बंध आले आणि तिच्यातील कापसाची जागा अन्य पिकांनी, विशेषतः चहाने, घेतली. पूअर चहाच्या किमती एकविसाव्या शतकाच्या आरंभी झपाट्याने वाढल्या. २००७ मध्ये त्या कोसळल्या, परंतु पुढे पुन्हा सावरल्या. जुन्या चहावृक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या लावमान-अ यांसारख्या ब्लांग गावांना या व्यापाराने समृद्धी आणली. चहाच्या हंगामातील काही दिवसांच्या कमाईतून जे कापड विकत मिळते, ते घरी विणण्यासाठी अनेक आठवडे खर्च करणे आर्थिक दृष्ट्या पटण्याजोगे राहिले नाही.

शिक्षणाचा परिणामही लक्षणीय आहे. १९८६ च्या कायद्यान्वये नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. २००१ नंतर सुमारे दशकभर लहान खेड्यांतील शाळा बंद करून त्या मोठ्या गावांतील शाळांत विलीन करण्याचे धोरण होते. त्यामुळे डोंगरी भागांतील अनेक मुले वसतिगृहांत राहू लागली. शिक्षणाचा लाभ निर्विवाद आहे. परंतु ज्या वयात आणि ज्या संध्याकाळच्या वेळी मुली कातणे व विणणे शिकत, तोच काळ त्या घराबाहेर घालवू लागल्या. पुढे त्यांपैकी अनेकजणी नोकरीसाठी शहरांत गेल्या. या तरुणींच्या निवडीला परंपरेविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या व्यवस्थेत विणणे हा छंद नव्हता, ते चुकविता न येणारे श्रम होते.

जतनाचे प्रयत्न : लोकसंस्कृतीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र प्रांतिक नियम करण्यात युनान प्रांत अग्रेसर होता, हे नियम २००० मध्ये अंमलात आले. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासंबंधीचा युनेस्कोचा २००३ चा करार चीनने २००४ मध्ये मान्य केला. राष्ट्रीय पातळीवरील पहिली वारसासूची २००६ मध्ये व दुसरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. राष्ट्र, प्रांत, विभाग आणि तालुका अशा चार पातळ्यांवर सूची ठेवण्याची व प्रत्येक पातळीवर ‘प्रातिनिधिक वारसाधारक’ नेमण्याची पद्धत आहे. १ जून २०११ पासून यासंबंधीचा स्वतंत्र कायदा लागू झाला. राष्ट्रीय पातळीवरील वारसाधारकाला शिष्य तयार करण्यासाठी मिळणारे वार्षिक अनुदान २०१६ मध्ये २०,००० युआन करण्यात आले. २०१७ मध्ये पारंपरिक हस्तकलांच्या पुनरुज्जीवनाची राष्ट्रीय योजनाही जाहीर झाली.

ब्लांगांच्या कलांपैकी मंगहायमधील तंतुवाद्यावरील गायन आणि श्वांगज्यांगमधील मधमाश्यांच्या पोळ्याच्या ओंडक्यासारख्या ढोलावरील नृत्य या दोहोंचा समावेश २००८ च्या राष्ट्रीय सूचीत झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये लानत्सांगमधील जिंगमाय पर्वतावरील प्राचीन चहावनांचा सांस्कृतिक भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आला. त्यात मांगजिंग परिसरातील ब्लांग खेड्यांचा समावेश आहे. गायन व नृत्य सादर करताना आणि चहापूर्वजांच्या उत्सवात पारंपरिक पोशाख घातला जातो. त्यामुळे पोशाखाला मागणी निर्माण झाली असली, तरी ती घरगुती कापडाची मागणी नव्हे. यंत्रनिर्मित कापडाच्या तयार पोशाखानेही ती भागते. कुनमिंग येथील युनान राष्ट्रीयता संग्रहालयात (स्थापना १९९५) प्रांतातील विविध जमातींची वस्त्रे जतन करण्यात आली आहेत. संग्रहालयामुळे वस्त्र, त्याचे रंग व वीण अभ्यासासाठी सुरक्षित राहतात; रांजणाचा वास आणि सुताचा पीळ मात्र तेथे जपता येत नाही.

तुलनात्मक उदाहरण : हायनान बेटावरील ली जमातीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ली स्त्रियांची कातणे, रंगविणे, विणणे व भरतकाम ही चारही कौशल्ये एकत्रितपणे २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘तातडीने संरक्षणाची गरज असलेल्या’ वारशाच्या यादीत नोंदविण्यात आली. ही कला अवगत असणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या वेळी एक हजाराहूनही कमी असून त्यांपैकी बहुतेक वयोवृद्ध होत्या, असे नोंदविण्यात आले होते. त्यानंतर शिक्षणकेंद्रे, शाळांतील वर्ग, कच्च्या मालाची लागवड आणि विक्रीची व्यवस्था यांवर भर देण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये हा वारसा तातडीच्या यादीतून काढून मानवतेच्या प्रातिनिधिक यादीत हलविण्यात आला. क्षीण झालेली परंपरा पुन्हा उभी राहू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. ली लोकांची संख्या ब्लांगांच्या अनेक पटींनी अधिक आहे, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. लोकसंख्या जितकी लहान, तितका प्रत्येक जाणकार स्त्रीच्या निधनाने होणारा तोटा मोठा.

जतनातील समस्या : पहिली समस्या साखळीची आहे. प्रशिक्षणवर्गांत सामान्यतः भरतकाम व शिवण शिकविणे सोपे असते. कारण त्यासाठी विकतचे कापड व दोरा पुरतो. कताई आणि निळीचा रांजण यांना कापसाचे शेत, वनस्पतींची लागवड आणि सातत्य लागते. परिणामी साखळीचा अखेरचा, दृश्य भाग टिकतो आणि आरंभीचे दुवे निसटतात. दुसरी समस्या एकरूपतेची आहे. रंगमंच व पर्यटन यांना चटकन ओळखू येणारा, भडक रंगांचा एकच पोशाख सोयीचा वाटतो. अशा पोशाखाचा प्रसार झाला की गावागावांतील भेद मागे पडतात आणि कालांतराने नव्या पिढीला तोच मूळ पोशाख वाटू लागतो. तिसरी समस्या मोबदल्याची आहे. हाताने कातलेल्या व निळीत रंगविलेल्या कापडाची किंमत त्यामागील श्रमांच्या मानाने ठरली, तर ते सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते; ती बाजारभावाने ठरली, तर बनविणारीला ते परवडत नाही. चौथी समस्या वारसाधारक नेमण्याच्या पद्धतीतून उद्भवते. घरोघरी, अनेक हातांनी चालणाऱ्या कामात एकाच व्यक्तीला मान व अनुदान मिळाल्यास इतर जाणकार स्त्रिया नोंदीबाहेर राहण्याचा संभव असतो.

या समस्यांचा विचार करता जतनाची काही सूत्रे मांडता येतात. कापूस व नीळ यांची लहान प्रमाणावर तरी गावातच लागवड होणे आवश्यक आहे. घरोघरी रांजण ठेवणे शक्य नसले, तर गावाचा एक सामाईक रांजण चालू ठेवता येईल. शिकविण्याची वेळ शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवून घ्यावी लागेल. क्रियांचे चित्रीकरण करताना पिळाच्या, विणीच्या आणि रंगाच्या छटांच्या ब्लांग भाषेतील संज्ञाही नोंदविल्या पाहिजेत. कारण लिपीबद्ध नसलेल्या भाषेत काम थांबताच त्याचे शब्दही नाहीसे होतात. प्रत्येक प्रदेशातील पोशाखाची स्वतंत्र नोंद ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोणती क्रिया जुन्याच पद्धतीने चालू ठेवावी आणि कोठे नवे साधन स्वीकारावे, याचा निर्णय बाहेरच्या तज्ज्ञाने न घेता त्या स्त्रियांनीच घेणे उचित होय. ब्लांगांनी स्वतः पूर्वी शेजाऱ्यांच्या वेशभूषेतून बरेच काही स्वीकारले आहे. बदल हा परंपरेचा शत्रू नाही. शिकविणारी व शिकणारी यांच्यातील दुवा तुटणे हा खरा धोका आहे.

सर्व कापड पुन्हा घरी विणले जाईल, अशी अपेक्षा बाळगणे वास्तवाला धरून होणार नाही. परंतु विवाहातील मनगटाचा दोरा, विहाराला अर्पण करावयाचे कापड आणि प्रत्येक मुलीचा निदान एक पोशाख गावातल्याच सुताचा असावा, इतके प्रयोजन उरले तरी चरखा, माग व रांजण ही तिन्ही साधने चालू राहू शकतात. कौशल्याला कामाची जागा लागते, आणि ती जागा समाजाच्या चालू व्यवहारातच असू शकते.